गेमिंग संगणक आत्ता अपग्रेड करावा की थांबावे: निर्णयाचा योग्य क्रम

अपग्रेडचा विचार करणारे बहुतेक जण सुरुवात भावापासून करतात. आधी ग्राफिक्स कार्डाची किंमत पाहिली जाते, मग त्याच्या चाचण्यांचे व्हिडिओ पाहण्यात दोन-चार रात्री जातात, मग पैशांची जुळवाजुळव होते, आणि आपला संगणक नेमका कुठे अडतो आहे हे पाहायचे राहूनच जाते. याचे परिणाम दोन प्रकारचे दिसतात. काहींनी घेतलेल्या महागड्या कार्डाने खेळात काहीच फरक पडत नाही, आणि काही जण ‘पुढची पिढी येऊ दे’ असे म्हणत तीन-तीन वर्षे अडखळणाऱ्या संगणकावर खेळत राहतात. पुढे या निर्णयाचे सात टप्पे दिले आहेत; ते सुटे वाचू नयेत, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्यात लागते.

उदाहरणासाठी २०१९ ते २०२१ या काळात आपल्याकडे घरोघरी जोडला गेलेला एक संच धरला आहे: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड आणि १०८०पी मॉनिटर. संच वेगळा असला तरी क्रम हाच राहतो. लॅपटॉपमध्ये मात्र सहसा रॅम आणि एसएसडी एवढेच बदलता येते, त्यामुळे लॅपटॉपवाल्यांनी पहिले तीन टप्पे पुरेसे मानावेत.

पूर्वतयारी

एक वही घ्यावी आणि तिच्यात पुढील गोष्टी संगणक उघडून, प्रत्यक्ष पाहून लिहाव्यात: मदरबोर्डाचे पूर्ण नाव, एसएमपीएसवरील (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावरील) लेबलात छापलेले मॉडेल व वॅट, रॅमच्या किती पट्ट्या आहेत व त्या कोणत्या खाचांत आहेत, कॅबिनेटमध्ये कार्डासाठी किती सेंटीमीटर लांबी मोकळी आहे, मॉनिटरचे रिझोल्यूशन (पडद्यावरील बिंदूंची संख्या) व कमाल रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलते), आणि यूपीएस असल्यास त्याचे व्हीए व वॅट. लेबलांचे फोटो काढून ठेवावेत. दुकानात उभे राहून आठवणीवर बोलणे महागात पडते.

सीपीयू-झेड, जीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो आणि रिव्हाट्यूनरसह एमएसआय आफ्टरबर्नर ही भागांची माहिती, तापमान व फ्रेमसंख्या दाखवणारी मोफत साधने उतरवून घ्यावीत. आफ्टरबर्नरच्या नावाने व्हायरस पसरवणारी बनावट संकेतस्थळे होऊन गेली आहेत, म्हणून प्रत्येक साधन त्याच्या निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे.

शेवटी तीन खेळांची नावे लिहावीत. ते गेल्या महिन्यात आपण खरोखर खेळलेले असावेत, कधीतरी खेळू म्हणून ठेवलेले नसावेत. त्यांच्याखाली खर्चाची कमाल मर्यादा जीएसटी धरून लिहावी. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तोंडी सांगितलेला भाव पुष्कळदा त्याविना असतो.

टप्पा १: तक्रार एका वाक्यात लिहा

‘संगणक जुना झाला’ ही तक्रार नव्हे. ‘अमुक खेळात गर्दीच्या चौकात आल्यावर चित्र अर्धा सेकंद गोठते’ ही तक्रार आहे, कारण ती मोजता येते. सगळीकडेच फ्रेम (पडद्यावर दर सेकंदाला येणारी चित्रे) कमी पडतात, मधूनच झटके बसतात, खेळ सुरूच होत नाही, जोर लागताच संगणक बंद पडतो, की ऑनलाइन खेळात आपली हालचाल उशिरा पोहोचते, यांपैकी आपला प्रकार कोणता ते ठरवावे. शेवटचा प्रकार इंटरनेटचा असतो. पिंग (खेळाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा वेळ) वाढलेला असताना कार्ड बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. तिथे वायफाय सोडून लॅनची वायर लावून पाहावी. जोर लागताच बंद पडणारा संगणक बहुधा एसएमपीएसकडे किंवा तापमानाकडे बोट दाखवत असतो.

काही तक्रारींना मोजणीची गरजच नसते, कारण तिथे यंत्रणेची अट आडवी येते. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ या खेळांना रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र रंगवणे) करणारे कार्ड सक्तीचे आहे, त्यामुळे १६६० सुपरवर सेटिंग कितीही उतरवले तरी उपयोग होत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळजवळ सर्व प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. जीटीएक्स १० मालिकेच्या कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हरही (कार्ड चालवणारी सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ नंतर मिळत नाहीत, केवळ सुरक्षेपुरते मिळतात.

इशारा: विंडोज ११ ‘टीपीएम नाही’, म्हणजे सुरक्षेची एक सोय नाही, असे सांगत असेल तर लगेच नवा मदरबोर्ड घेऊ नये. रायझन ३६०० सारख्या प्रोसेसरमध्ये ती सोय अंगभूत असते. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ती बंद ठेवलेली असते, एवढेच.

टप्पा २: पैसे न लागणाऱ्या दुरुस्त्या आधी करा

हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो, आणि माझ्या मते सर्वाधिक पैसे इथेच वाचतात.

नागपूरला माझ्या भाच्याचा संगणक वर दिलेल्या संचासारखाच आहे. गेल्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा तो म्हणाला, “मामा, आता नवीन कार्ड घेऊनच टाकू, काही चालत नाही यावर.” कॅबिनेट पलंग आणि भिंत यांच्या फटीत सरकवलेले होते. समोरची जाळी काढली तर आत धुळीचा थर नमद्यासारखा बसला होता; तो नखाने धरून अख्खा सोलून काढता आला. प्रोसेसर ९५ अंशांवर होता, म्हणजे त्याच्या कमाल मर्यादेला टेकलेला होता. रॅमच्या दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या खाचांत होत्या आणि ३२०० ची रॅम २१३३ वर धावत होती. धूळ काढली, पट्ट्या दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवल्या, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय) चालू केले. गर्दीच्या प्रसंगातली सर्वांत खालची फ्रेमसंख्या ३८ वरून ५५ वर गेली. दीड तास लागला आणि एक रुपयाही खर्च झाला नाही.

आपण पुढील क्रमाने तपासावे.

१. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावलेली असावी. अंगभूत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरवर ती मदरबोर्डाला लावली तरी चित्र दिसते, त्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

२. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट पाहावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालू असलेला मी अनेकांकडे पाहिला आहे.

३. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग पाहावा. तो पट्टीवर छापलेल्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर बायोसमध्ये एक्सएमपी, डीओसीपी किंवा एक्सपो या नावाची सोय चालू करावी. सीपीयू-झेड निम्मा आकडा दाखवते, म्हणून तिथे १६०० दिसले तर ते ३२०० समजावे.

४. रॅमची एकच पट्टी आहे का, किंवा दोन पट्ट्या एकाच चॅनेलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या मार्गावर) आहेत का, हे पाहावे. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी व चौथी खाच वापरायची असते. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत ते चित्रासह दिलेले असते.

५. धूळ काढावी आणि तीन-चार वर्षे झाली असल्यास थर्मल पेस्ट (प्रोसेसर व कूलर यांमधला उष्णता वाहणारा लेप) बदलावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. पंखा भरधाव फिरू दिल्यास त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

६. खेळताना मागे चालणारे ब्राउझर, रेकॉर्डिंग आणि दिव्यांची सॉफ्टवेअर बंद करून पाहावे.

तपासणी: कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून दहा मिनिटे खेळावे. फ्रेम वाढल्या किंवा तापमान दहा अंशांनी उतरले, तर अडचण हवेची आहे. नवे, अधिक वीज ओढणारे कार्ड त्याच कॅबिनेटमध्ये आणखी तापेल.

टप्पा ३: अडथळा मोजून शोधा

दुरुस्त्या झाल्यावरच मोजणी करावी, नाहीतर आपण धुळीचे मोजमाप करून बसू. आफ्टरबर्नरमधून पडद्यावर फ्रेमसंख्या, एक टक्का नीचांक (सर्वांत संथ एक टक्का चित्रांची फ्रेमसंख्या), कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वापर, रॅम आणि दोन्ही तापमाने दाखवावीत. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करावी, कारण ती चालू असताना कार्ड मुद्दाम कमी काम करते आणि वापराचा आकडा फसवा येतो. प्रत्येक खेळाचा एकच ठरावीक भाग दहा मिनिटे, तीनदा खेळावा आणि आकडे वहीत लिहावेत.

कार्डाचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के असेल, तर कार्ड आपले सर्व बळ लावते आहे आणि मर्यादा त्याचीच आहे. फ्रेम कमी असूनही कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर त्याला प्रोसेसरची वाट पाहावी लागते आहे. इथे एक हमखास फसगत होते. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्केच दिसतो म्हणून लोक त्याला निर्दोष ठरवतात. परंतु ३६०० मध्ये १२ थ्रेड आहेत, त्यामुळे एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम आठ टक्के दिसतो, आणि अनेक खेळ त्या एकाच थ्रेडवर अडतात.

खात्री करण्याचा साधा उपाय असा: तोच प्रसंग १०८०पी ऐवजी ७२०पी वर खेळावा. फ्रेम भरपूर वाढल्या तर अडथळा कार्डाचा होता. आकडा जवळजवळ तसाच राहिला तर अडथळा प्रोसेसरचा आहे, आणि कितीही भारी कार्ड लावले तरी १०८०पी वर त्या खेळात तो हलणार नाही.

झटके बसत असतील तर सरासरीकडे पाहू नये. सरासरी ६० आणि नीचांक २५ असलेला खेळ, सरासरी ५० आणि नीचांक ४२ असलेल्या खेळापेक्षा हाताला वाईट लागतो. ६० फ्रेमच्या हिशेबाने प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. एखाद्या चित्राला ४० लागले की डोळ्याला तो झटका जाणवतो. टेक्स्चरची (खेळातील वस्तूंच्या पृष्ठभागावरील चित्रांची) प्रत एक पायरी उतरवल्यावर झटके थांबले, तर कार्डाची मेमरी अपुरी पडत होती. ब्राउझर बंद केल्यावर थांबले, तर रॅम अपुरी होती. नव्या भागात शिरतानाच बसत असतील आणि खेळ हार्ड डिस्कवर असेल, तर तो एसएसडीवर हलवून पाहावा.

तपासणी: आता वहीत ‘माझ्या तीनपैकी दोन खेळांत अडथळा अमुक भागाचा आहे’ असे वाक्य लिहिता आले पाहिजे. लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नये. तिन्ही खेळ समाधानकारक चालत असतील, तर निर्णय इथेच झाला: थांबावे.

टप्पा ४: एक भाग बदलल्यावर आणखी काय बदलावे लागेल

भागाची किंमत आणि अपग्रेडचा खर्च हे दोन वेगळे आकडे आहेत.

कार्ड बदलायचे असेल तर आधी वीज पाहावी. १६६० सुपर १२५ वॅटचे आहे. आरटीएक्स ५०६० हे १४५ वॅटचे, १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी १६० वॅटचे, आरटीएक्स ५०७० हे २५० वॅटचे, तर आरएक्स ९०७० एक्सटी ३०४ वॅटचे आहे. पहिल्या दोन नव्या कार्डांसाठी चांगल्या प्रतीचा ५५० वॅटचा एसएमपीएस सहसा पुरतो, शेवटच्या दोनांसाठी तो बदलण्याचा खर्च धरावा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर छापलेल्या वॅटवर मुळीच विश्वास ठेवू नये. यूपीएसचाही विचार करावा. घरात सर्रास दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस अनेकदा ३६० वॅटच देतो. नव्या कार्डानंतर वीज गेली की तो संगणक सांभाळण्याऐवजी स्वतःच बंद पडतो, आणि दोष मात्र कार्डाला दिला जातो.

दुसरी बाब खाचेची आहे. आरटीएक्स ४०६०, ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डे पीसीआय एक्सप्रेस या कार्डाच्या खाचेच्या आठच लेन (माहितीचे मार्ग) वापरतात. बी४५० बोर्ड तिसऱ्या पिढीचा असल्याने त्यांना तिथे निम्मा किंवा त्याहून अरुंद रस्ता मिळतो. एरवी फरक थोडा असतो, परंतु ८ जीबी मेमरी भरून वाहू लागली की तो ठळक होतो. आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेन वापरते, त्यामुळे जुन्या बोर्डावर ते मला अधिक सुरक्षित वाटते.

प्रोसेसरचा प्रश्न असेल तर सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) पाहावे. आपल्या उदाहरणासारख्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर बायोस अद्ययावत करून रायझन ५ ५६०० किंवा ७ ५७००एक्स बसवता येतो, म्हणजे बोर्ड आणि रॅम जशीच्या तशी राहते. एएम५ या पुढच्या सॉकेटवर जायचे ठरवले तर बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम हे तिन्ही घ्यावे लागतात.

इशारा: मॉनिटर १४४०पी करण्याचा बेत असेल तर तो आधी ठरवावा. १०८०पी वर सुमारे २०.७ लाख बिंदू रंगवायचे असतात, १४४०पी वर ३६.९ लाख. कार्डावरचा भार पावणेदोन पटींच्या आसपास वाढतो आणि टप्पा ३ मधील निष्कर्ष बदलू शकतो.

टप्पा ५: बाजार पाहा, पण आता

आत्ता बाजारात सर्वांत मोठा फरक मेमरीने पाडला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरसाठी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन यांनी आपली उत्पादनक्षमता तिथे लागणाऱ्या मेमरीकडे वळवली, आणि २०२५ च्या अखेरीस अनेक डीडीआर५ किटचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशिअल या नावाने ग्राहकांना विकला जाणारा आपला व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. मेमरीचा नवा कारखाना उभा राहायला वर्षे लागतात, त्यामुळे ‘दोन महिने थांबू, रॅम उतरेल’ या आशेवर बेत आखू नये. ग्राफिक्स कार्डावरही मेमरीच असते, आणि जास्त मेमरीच्या कार्डांवर त्याचा भार अधिक पडतो.

यावरून माझे मत असे की ज्याच्याकडे दोन पट्ट्यांत १६ जीबी डीडीआर४ आहे, त्याने ती रॅम मोलाचा ठेवा मानावी आणि त्याच बोर्डावर जे सुधारता येईल ते सुधारावे. पूर्ण नवा संच घेण्यास ही वेळ अनुकूल नाही.

कार्डांची तुलना करताना फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मधली चित्रे तयार करणारे तंत्र) बंद असतानाचे आकडेच धरावेत. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडिया या कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५०७० हे आधीच्या पिढीतल्या सर्वांत भारी ४०९० इतकी कामगिरी देईल असे मंचावरून सांगितले, ते मधली चित्रे तयार करणाऱ्या तंत्राच्या आधारावर. अशा चित्रांनी हालचाल गुळगुळीत दिसते, परंतु माउस दाबल्यापासून प्रतिसाद मिळेपर्यंतचा वेळ कमी होत नाही. आपल्या खेळात, आपल्या रिझोल्यूशनला किमान दीडपट फ्रेम मिळत नसतील तर ते कार्ड मी घेणार नाही. नावेही नीट वाचावीत: ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी ही दोन्ही ८ जीबी व १६ जीबी अशा दोन रूपांत विकली जातात, आणि ३०५० चे ६ जीबी रूप ८ जीबीपेक्षा मेमरीतच नव्हे, वेगातही कमी आहे.

टप्पा ६: निर्णय तारखेसह लिहा

थांबण्याची कारणे मला तीनच पटतात. हवा तो भाग जाहीर झालेला आहे आणि त्याची विक्रीची तारीख तीन महिन्यांच्या आत आहे. पैसे थोडे कमी पडत आहेत आणि आत्ता घेतल्यास ८ जीबी मेमरीच्या कार्डाच्या तडजोडीवर समाधान मानावे लागेल. किंवा गणेशोत्सव-दिवाळीच्या आसपासची विक्री महिन्याभरावर आली आहे आणि आजचा भाव आपण वहीत नोंदवलेला आहे. नोंद नसेल तर सवलत खरी की भाव आधी चढवलेला, हे कळत नाही.

‘जीटीए ६ येतो आहे’ हे कारण मात्र धरू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीजसाठी आहे; त्या घोषणेत पीसीची तारीख नव्हती. ज्या खेळाची गरजच माहीत नाही, त्याच्यासाठी कार्ड घेणेही चूक आणि अडून राहणेही चूक.

आपल्या उदाहरणातील संचाचा निर्णय असा होईल. अडथळा कार्डाचा असेल, एसएमपीएस चांगला असेल आणि १६ जीबीच्या ९०६० एक्सटीचे पैसे हातात असतील, तर आत्ता घ्यावे. अडथळा प्रोसेसरचा असेल तर आत्ता ५६०० किंवा ५७००एक्स घ्यावा, कारण जुन्या सॉकेटचा साठा वाढत जाणारा नसतो. दोन्ही अडत असतील आणि पैसे एकाचेच असतील, तर टप्पा ३ मध्ये दोन खेळांत अडलेला भाग आधी घ्यावा. थांबायचे ठरले तर ‘अमुक तारखेपर्यंत’ असे लिहावे आणि त्या दिवशी वही पुन्हा उघडावी.

टप्पा ७: खरेदी आणि बसवणी

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन घ्या, बिलावर सीरियल क्रमांक छापून घ्यावा. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाकडून कार्ड मागवण्यापूर्वी त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का हे लेखी विचारावे. वापरलेले कार्ड घेताना ते विक्रेत्यासमोर अर्धा तास पूर्ण भारावर चालवून तापमान व पंखे पाहावेत. ऑनलाइन आलेले खोके उघडताना सलग व्हिडिओ काढावा.

प्रोसेसर बदलताना जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावे. हे काम यूपीएसवरच करावे, कारण बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. प्रोसेसर बदलल्यावर अंगभूत टीपीएम नवा होतो आणि विंडोज ती की मागते. कूलर काढण्यापूर्वी संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग बंद करून वायर काढावी आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. थंड पेस्टवर सरळ वर ओढल्यास एएम४ चा प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात.

कार्डाची कंपनी बदलत असल्यास जुने ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या साधनाने पुसून मगच नवे टाकावेत. एसएमपीएस बदलला तर त्याच्या स्वतःच्याच केबली वापराव्यात. जुन्या एसएमपीएसच्या केबली बसतात म्हणून जोडल्यास डिस्क आणि कार्ड जळू शकते.

तपासणी: बसवणीच्या दिवशीच टप्पा ३ मधील तेच प्रसंग पुन्हा तीनदा खेळावेत आणि आकडे जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहावेत. अपेक्षित फरक दिसला नाही तर परतीची मुदत संपण्यापूर्वी टप्पा २ चा क्रम नव्या भागासह पुन्हा तपासावा, कारण बायोस अद्ययावत झाल्यावर एक्सएमपी बहुधा आपोआप बंद झालेले असते. जुने कार्ड आठवडाभर घरीच ठेवावे आणि नवे नीट चालले तरच विकावे.